आत्याबद्दल: नेवाशाकडची वस्ती, मुठीचं धान्य आणि उपासना संगीत

प्रवराकाठ:

मागच्या महिन्यात माझी मोठी आत्या प्रभूच्या घरी गेली. स्मरण उपासनेत पाळकसाहेब चांगलं बोलले, प्रार्थनाशील होती, विश्वासू होती, मंडळीचा आधार होती, आणि ते सगळं खरंच आहे पण ऐकताना मला सारखं वाटत होतं की असं तर कुठल्याही म्हाताऱ्या बाईबद्दल म्हणता येईल, यात आमची आत्या कुठंय? म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होईल, वेळ असेल तेव्हा वाचा.

आत्याचा जन्म नेवासा तालुक्यातला, स्वातंत्र्याच्या जरा आधीचा. गावाबाहेरची वस्ती. पणजोबांच्या वेळी घरात बाप्तिस्मा झालेला. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ मधे आणि आमच्या बाजूला वडाळा मिशन हे त्यांचं मोठं ठाणं, त्यामुळे आसपासच्या बऱ्याच खेड्यांत मिशनची एका खोलीची शाळा असायची. एकच गुरुजी, तोच सोमवार ते शनिवार बाराखडी घोकून घेणार आणि रविवारी त्याच खोलीत शेणाने सारवून सतरंजी टाकली की उपासना. आत्याच्या जन्माचा कागद कुठलाच नाही, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली शाईची एक ओळ तेवढी. पुढे नोकरीला लागताना वयाचा पुरावा मागितला तेव्हा त्याच ओळीचा उतारा काढून आणावा लागला.

माझ्या वडिलांना नगरला बोर्डिंगात घातलं, आत्याला नाही. ती थोरली, तिच्यामागे धाकटी भावंडं, शेळ्या, आणि आजी रोजाने जायची म्हणून घरचा चुलीचा कारभार. शाळेच्या दाराशी शेळ्या आणून उभी रहायची आणि आतली गाणी ऐकायची असं तीच सांगायची. त्यामुळे झालं काय, अक्षर ओळख शून्य पण 'उपासना संगीत' या आमच्या चर्चच्या गीतांच्या पुस्तकातली पदंच्या पदं पाठ. नारायण वामन टिळकांची भजनं तर तिला कडव्यांच्या क्रमासकट यायची आणि ती कुणी रचली हे मात्र तिला खूप नंतर कळलं, तोवर तिच्या लेखी ती वस्तीचीच गाणी होती. आमच्याकडे उपासना म्हणजे टाळ ढोलकी पेटी, अभंगाची चाल, ख्रिस्ती कीर्तन. लोकांना वाटतं चर्च म्हटलं की सगळं इंग्रजी ऑर्गन वगैरे, खेड्यात तसं काही नव्हतं हो.

वाचायला ती लग्नानंतर शिकली आणि कशी शिकली ते मी वडिलांकडून ऐकलंय. नवऱ्याचं उपासना संगीत घरात होतं. पद तर पाठच. मग ती रात्री चिमणीच्या उजेडात पान उघडायची, नवऱ्याला विचारायची हे कुठलं पद आहे, आणि एकदा ते कळलं की पहिल्या ओळीवर बोट ठेवून हळूहळू गायची आणि तोंडातून जो शब्द निघेल तो बोटाखाली कसा दिसतो ते बघायची. 'प्रभू' हा शब्द पानावर जिथे जिथे सापडेल तिथे पेन्सिलीने टिंब. ते पुस्तक अजून आहे आमच्याकडे, पहिल्या काही पानांवर नुसती टिंबंच टिंबं आहेत आणि पुढे पुढे ती कमी होत जातात. त्यानंतर ती शास्त्र म्हणजे बायबल वाचायला लागली. स्तोत्रसंहिता आधी, कारण त्यातलं बरंच तोंडपाठ होतं. मला स्वतःला यापेक्षा मोठी शिक्षणाची गोष्ट माहीत नाही.

७२ चा दुष्काळ तिच्या बोलण्यात कायम असायचा. पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडायला होती, कडेवर माझा आतेभाऊ. खायला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि मुलांना सुकडी. कामाला सुट्टी बाजाराच्या दिवशी, रविवारी नाही. म्हणजे रविवारी उपासनेला गेलं की हजेरी अर्धी पडायची आणि तिथला मुकादम ऐकून घेणारा नव्हता. ती जायची तरीही. आजी चिडायची की पोराच्या तोंडचा घास घालवतेस, तर ही म्हणायची "आगं आई, सहा दिस दगडासंगं बोलते, एक दिस देवासंगं बोलू दे की मला." आणि त्या मिलोच्या पिठातूनसुद्धा भाकरी थापायच्या आधी एक मूठ बाजूला निघायची, गाडग्यात. महिन्याअखेरीला गाडगं चर्चला. ही मुठीची सवय तिने शेवटपर्यंत सोडली नाही, नगरला फ्लॅटमधे गॅसवर स्वयंपाक करतानाही स्टीलच्या डब्यात मूठ पडायचीच.

फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, लवकर वारले. मग मुलाला घेऊन ती नगरला आली आणि एका दवाखान्यात आया म्हणून लागली. बेडपॅन, लादी, बाळंतिणींना अंघोळी, सगळं. नाइट ड्यूटी संपली की रविवारी घरी न जाता तशीच चर्चला, पांढऱ्या साडीला फिनाइलचा वास, आणि उपासना सुरू व्हायच्या आधी सतरंज्या झटकणं, बाकं पुसणं, घंटेचा दोर ओढणं. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिची पहाटेची प्रार्थना ही आमच्या घरातली एक वेगळीच गोष्ट. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे, खाली ओळीने गाद्या, आणि चार वाजता ही भिंतीला टेकून बसायची आणि मोठ्याने प्रार्थना करायची, मनात नाही, चांगली मोठ्याने. नावं घेऊन. कुणाची नोकरी गेलीय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, शेजारच्या पठाणचाचांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गावाकडच्या पाटलांची म्हैस आटली ती सुद्धा. घरात मोठी माणसं आमच्यापासून जे लपवायची ते आम्हाला पांघरुणाखाली आत्याच्या प्रार्थनेतून कळायचं. माझं बारावीला काय बिनसलं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं आणि एका पहाटे माझं नाव आलं, "पोरगी हसंना झालीय, बापा, तू बघ" एवढंच, आणि पुढच्या नावावर गेली. मी उठून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने काही विचारलं नाही, हात केसातून फिरवत पुढची नावं घेत राहिली.

बाकी आठवेल तसं लिहीन. तुमच्याकडेही अशी कुणी असेल तर लिहा प्लीज.

अबोली:

खूप सुंदर लिहिलंयस गं. टिंबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे कुणी ख्रिस्ती नाही त्यामुळे काही गोष्टी खरंच माहीत नाहीत, राग मानू नकोस पण विचारते, आत्या लुगडं नेसायची का? कुंकू मंगळसूत्र वगैरे? आणि नाव मराठीच होतं का?

प्रवराकाठ:

राग कसला, विचार की. नऊवारी लुगडं, नगरला आल्यावर ड्यूटीपुरती पाचवारी. कुंकू नाही. गळ्यात काळे मणी आणि मधे छोटा क्रूस. नाव अगदी मराठी, आमच्या भागात जुन्या पिढीत बरीच नावं अशीच आहेत, नंतर रूथ, एस्तेर, दानीएल आली. नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि दिवाळीला जेवढ्या घरांतून ताट आलं तेवढ्या सगळ्या घरांत आमचं ताट परत जाणार. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना नगरवरून जाते, तेव्हा आत्या रस्त्याच्या कडेला पाण्याची घागर घेऊन उभी असायची. काही लोकांनी चर्चमधे त्यावरून नाक मुरडलं होतं. ती म्हणाली तहानलेल्याला पाणी द्या असं शास्त्रातच लिवलंय, कुणाला द्या ते लिवलेलं नाही.

नगरी माणूस:

एक नंबर. नेवासा म्हणजे ज्ञानेश्वरी जिथे सांगितली ती जागा, १२९० साली, ज्याला टेकून ती सांगितली तो पैस खांब अजून आहे. त्या मातीतून आलेल्या बाईला अभंगाची चाल आपली वाटली यात नवल नाही. टिळकांचंही तेच म्हणणं होतं ना, की ते तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचले. १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा आणि पुढची बरीच वर्षं नगरलाच होते. आपल्या नगरमधून 'ज्ञानोदय' १८४२ मधे सुरू झालं हेही आज कित्येकांना माहीत नसतं. आणि अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा, त्याही साधारण त्याच काळातल्या.

वसईकर:

आमच्या वसईतली मोठी मावशी आठवली. आम्ही कॅथलिक, त्यामुळे थोडं वेगळं. मावशीच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, लॅटिनमधे असायची, फादर वेदीकडे तोंड करून काय म्हणतात ते बायकांना काय कळणार, तर ह्या सगळ्या मागे बसून आपली जपमाळ ओढायच्या, मराठीत. व्हॅटिकनची सभा झाली १९६२ ते ६५, त्यानंतर मिस्सा मराठीत आली आणि मावशी सांगायची की पहिल्यांदा फादर आमच्याकडे तोंड करून आमच्या बोलीत बोलले तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, जरा लाजल्यासारखं झालं म्हणे, इतक्या वर्षांनी देव एकदम समोरासमोर. तिचं आयुष्य वाडीत गेलं, पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन दादरला आणि दुपारी परत. लोकलच्या गर्दीत टोपलीवर बसून जपमाळ. प्रवराकाठ, तुमच्या आत्याची पहाटेची प्रार्थना वाचताना मला तिची संध्याकाळची प्रार्थना ऐकू आली, दिवा लावून सगळ्या घराने गुडघ्यावर बसायचं आणि कितीही पाहुणे असोत टीव्ही बंद.

मिरजमळा:

माझी चुलत आजी मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलमधे नर्सिंग शिकली. डॉ. वॉनलेसनी १८९४ मधे सुरू केलेलं ते. खेड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती मुली नर्सिंगमुळे घराबाहेर पडल्या, त्या काळात इतर घरच्या मुलींना हे काम करू देत नसत, विटाळ वगैरे. आत्या आया होती हे तू सरळ लिहिलंस ते फार आवडलं. त्या बायकांनी जे हाताने केलंय ते कुणी लिहीत नाही.

रानवारा:

लेख छान आहे, आत्यांना आदरांजली. पण एक मनातलं विचारतो, खवचटपणे नाही. जन्मभर ज्या बाईने सतरंज्या झटकल्या आणि घंटा वाजवली तिला मंडळीने कधी पंच कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीत, घेतलं का? माझ्या आईचंही असंच. देवळात म्हणा चर्चमधे म्हणा, भक्ती बायकांची आणि निर्णय पुरुषांचे. तिच्या भक्तीचं कौतुक करताना आपण हे झाकतो असं मला वाटतं.

प्रवराकाठ:

रानवारा, बरोबर विचारलंत आणि उत्तर आहे, नाही. कधीच घेतलं नाही. महिला मंडळाची ती बरीच वर्षं अध्यक्ष होती पण पंच कमिटीत शिकलेले, पेन्शनवाले, वक्ते. मला याचा राग आहे आणि मी तो घरात बोलूनही दाखवलाय.

पण एक प्रसंग सांगते, मी तेव्हा कॉलेजात होते आणि तिथे हजर होते. वार्षिक सभा. चर्चचं छत गळत होतं, पावसाळ्यात पहिल्या दोन बाकांवर पाणी. कमिटी म्हणाली फंड नाही, यंदा नाही जमणार. सगळे उठायच्या बेतात. आत्या बाकावरून उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि पिशवीतून एक दुरेघी वही काढली. मुठीच्या धान्याचा हिशोब. कुठल्या महिन्यात कुठल्या घरातून किती ज्वारी, किती बाजरी, किती तांदूळ, ते कितीला विकलं, पैसे कुणाच्या हातात दिले, आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही. तिची अक्षरं मोठी मोठी, वळणाला कच्ची, आकडे मात्र एकाखाली एक सरळ. तिने वाचायला सुरुवात केली, कुणावर आरोप नाही, आवाज चढवणं नाही, नुसतं महिना, धान्य, रुपये, सही. महिना, धान्य, रुपये, सही. पहिल्या पानाला लोक कुजबुजत होते, तिसऱ्या पानाला हॉलमधे पंख्याचा आवाज यायला लागला. वाचून झाल्यावर म्हणाली "हे पैसं छपराचंच व्हते, भाऊ. बाया उपाशी ऱ्हाऊन मूठ काढत्यात." आणि बसली. त्या पावसाळ्याआधी पत्रे बदलले गेले.

घरी येताना मी तिला म्हटलं आत्या तू कमिटीत असायला पाहिजेस, तर ती म्हणाली "मला कशाला खुर्ची, मला वही बास." हे तिचं उत्तर होतं, मला ते पटलेलं नाही, आजही नाही. आता आमच्या चर्चच्या कमिटीत बायका आहेत आणि त्यातली एक त्याच महिला मंडळातली आहे, तिने त्या दिवशीची वही बघितलेली आहे.

शेवंती:

अंगावर काटा आला. "महिना, धान्य, रुपये, सही" 🙏

नगरी माणूस:

एक विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. आत्यांच्या मुलाला सवलती मिळाल्या का? कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ मधे शीख आले, १९९० मधे बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर. वस्ती तीच, विहिरीवरचा अनुभव तोच, कागद वेगळा. २०२२ मधे बालकृष्णन आयोग नेमलाय केंद्राने याचा विचार करायला. राजकारण नको पण आत्यांसारख्यांची गोष्ट यातून सुटी करता येत नाही.

प्रवराकाठ:

सुटी करता येत नाहीच. आतेभावाला महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला मिळतो तो मिळाला, त्यावर त्याने आयटीआय केलं. गावात लहानपणी आत्याला विहिरीवर पाणी वरून ओतायचे, बाप्तिस्मा झालाय म्हणून कुणी बादली हातात दिली नाही. घरातल्या काही भावकीने बाबासाहेबांच्या मागोमाग १९५६ नंतर धम्म घेतला, काही ख्रिस्ती राहिले, लग्नकार्याला आजही सगळे एकत्र. तिच्या मयतीला बुद्धवंदना म्हणणारे चुलते पण होते आणि पदं म्हणणारी मंडळी पण. आत्याला कुणी विचारलं की धर्म बदलला असता तर पोराला फायदा झाला असता, तर ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची की मी काय फायद्यासाठी धरलं नव्हतं. यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. पण कायद्यात हा अन्याय आहे असं मला स्पष्ट वाटतं आणि तिच्या विश्वासाच्या मोठेपणाने तो छोटा होत नाही.

मिरजमळा:

शेवटच्या दिवसांत त्रास झाला का फार?

प्रवराकाठ:

नाही गं फार नाही. शेवटी शेवटी विसरायला लागली होती. मला वडिलांच्या आईच्या नावाने हाक मारायची. मुलाला कधी ओळखायची कधी नाही. पण आतेभावाची बायको पेटीवर पहिली पट्टी दाबायची आणि ही पूर्ण पद म्हणायची, कडव्यांच्या क्रमासकट. वहिनीने तिचं फार केलं, हे लिहायलाच हवं, अंघोळ, भरवणं, रात्रीचं उठणं, सगळं. आत्याने जन्मभर दुसऱ्यांच्या बाळंतिणी धुतल्या पुसल्या आणि तिच्यासाठी शेवटी कुणी परकं माणूस ठेवावं लागलं नाही.

अबोली:

तिची गाणी कुणी रेकॉर्ड केलीत का? आणि जात्यावर म्हणायची का काही?

प्रवराकाठ:

हो! हे राहूनच गेलं. जात्यावर ती ओव्या म्हणायची, त्यात येशू, मरिया, बेथलेहेमची वाट हे सगळं ओवीत बसवलेलं, काही आजीकडून आलेल्या काही तिने स्वतः जोडलेल्या. बेथलेहेमला जाताना मरियेला चढ लागतो आणि बाया तिला म्हणतात जरा टेक, असा सगळा प्रवास आपल्याकडच्या घाटातला. वहिनीच्या मोबाइलवर काही रेकॉर्डिंग आहेत, मागे मिक्सरचा आवाज, कुत्रं भुंकतंय, पण शब्द कळतात.

शेवंती:

मग ते जपून ठेवा बाई. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, लाखाच्या वर ओव्या आहेत, आता 'परी'च्या (People's Archive of Rural India) वेबसाइटवर ऐकायला मिळतात. ख्रिस्ती बायकांच्या ओव्या त्यात किती आहेत ते शोधायला हवं, पण तुझ्याकडच्या नक्की लिहून काढ. मोबाइल बिघडला की गेलं सगळं. आधी दोन ठिकाणी कॉपी कर, मग लिहायला बस, आणि लिहिताना शुद्ध करू नकोस. "लिवलंय" म्हणाली असेल तर लिवलंय.

वसईकर:

+१. आणि कोण गातंय, कुठल्या गावची, कुणाकडून शिकली हे प्रत्येक ओवीखाली टाका. आमच्या मावशीची गाणी अशीच गेली, चाल आठवते, शब्द नाहीत.

प्रवराकाठ:

शेवंती, वसईकर, खूप आभार. आजच वहिनीला फोन करून सगळ्या फाइल्स मागवल्या, ड्राइव्हवर टाकल्यात आणि एक कॉपी आतेभावाच्या लॅपटॉपवर. पहिली ओवी आत्ता बसून उतरवली. दुसऱ्या ओवीत एक शब्द आहे, "हेंदूळ" की "हिंदळ" असं काहीतरी, बेथलेहेमच्या वाटेवर मरिया जिथे बसते ती जागा. नेवासा शेवगाव पाथर्डी भागातल्या कुणाला माहीत असेल तर सांगा, घरात विचारलं तर वडील म्हणतात दगडाचा ओटा असेल आणि चुलते म्हणतात झाडाखालची सावली. ऑडिओचा तेवढा तुकडा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते.